सरूताईच्या पेशी

गंगापूर रोड, नाशिक
फेब्रुवारी १९८१

प्रिय मंदा,

रजा संपली तरी मी मुंबईला परतले नाही, म्हणून सर रागावले असतील. सरूताईला बरं नाही, एवढंच मी तारेत कळवलं होतं. त्यांची समजूत तूच घाल.

तू ताईला एकदाच पाहिलंस, माझी पीएच.डी. झाली तेव्हा. झेंडूच्या माळा घेऊन आली होती आणि देवळात शिरावं तशी प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून आत आली होती. आमची आई गेली तेव्हा मी रांगत होते. ताई स्वतःच लहान, पण फुलांचा मळा, वडिलांची भाकरी आणि मी, सगळं तिच्या अंगावर पडलं. तिची शाळा सुटली, माझी तिने सुटू दिली नाही. त्या दिवशी मी तिला सूक्ष्मदर्शकातून रक्त दाखवलं. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं समदं आपल्या आत चालतं, आन् आपल्याला पत्ता नाय."

नंतर तिलाच रक्ताचा कर्करोग निघाला. त्या आजारातलं ते आखूड, तुटकं गुणसूत्र माझ्या किती ओळखीचं! इतकी वर्षं फोटोंतून कात्रीने कापून कागदावर चिकटवत आले. ताईचंही मीच कापलं. नेहमीच्याच सफाईने कापलं, याचंच नंतर वाईट वाटत राहिलं. गोळ्यांवर तीन वर्षं बरी गेली. मळ्यात जायची, मला अंबाडीची भाजी पाठवायची. दिवाळीनंतर पोटात डावीकडे पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली, ताप हटेना. इथल्या डॉक्टरांनी तिच्या रक्ताची काचपट्टी माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. जिकडेतिकडे कच्च्या पेशी, मंदा. पुढे काय होतं, ते माझ्याच प्रबंधात आहे.

जयरामदाजी ओझरच्या विमान कारखान्यात आहेत. बिघडलेला भाग शोधला की दुरुस्त होतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. माझी मेहुणी याच आजाराची डॉक्टर आहे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी औषध देणारी डॉक्टर नव्हे, हे समजावून थकले. त्यांना तो माझा विनय वाटतो. शेजारच्या नवसाबाई आपली नात माझ्या पाया पडायला घेऊन आल्या. मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

ताईने मात्र मला काही विचारलं नाही. परवा तिची वेणी घालत होते, तेव्हा म्हणाली, "माझं रक्त तुझ्या कामाचं हाय का?" मी वेणीची गाठ बांधली. मग सांगितलं, की आम्ही या पेशी बाटलीत वाढवू पाहतो, त्या मरतात. वाढल्या तर पुढे कुणाला तरी उपयोग होईल. "मंग घे की," म्हणाली. थोड्या वेळाने, "मला नाय ना व्हायचा?" मी नाही म्हणाले. आयुष्यात तिला इतकं स्पष्ट उत्तर मी कधी दिलं नव्हतं. तिने माझा हात हातात घेतला आणि दाजींकडे नजर टाकून हळूच म्हणाली, "ते त्यांच्याकडं दे पोचवायला. नुसते बसून झुरत्यात."

म्हणून हे पत्र. तू ते वाचत असशील तेव्हा दाजी तुझ्यासमोर बसलेले असतील. पंचवटी एक्स्प्रेसने आले आहेत, जेवलेले नसतील. त्यांच्या पिशवीतली नळी ताईच्या रक्ताची आहे. गोठू नये म्हणून हेपारिन घातलंय. लगेच बाटलीत लाव आणि तूच सांभाळ. माझ्याने होणार नाही. त्या पेशी मेल्या तर मला सोसणार नाही, आणि ताई गेल्यावर त्या वाढत राहिल्या तर काय वाटेल, ते कळत नाही. हे रक्त तपासायला नाही, अभ्यासाला जातंय, असं मी दाजींना दोनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, औषध लगेच देतील, की मुक्काम करावा लागेल? मी नुसती पिशवीची नाडी बांधत राहिले. आत्ता ते तुझ्या चेहऱ्याकडे बघत असतील. चेहरा सांभाळ, मंदा. त्यांना आधी चहा दे, काहीतरी खायला घाल. मग जमलं तर तू सांग. नाही जमलं तर तसंच परत पाठव. मी स्टेशनवर घ्यायला जाईन.

तुझीच,
यशोदा