दोन अक्षरं आधी

भाईंदर (प.)
रविवार, ५ ऑक्टोबर २००८

ती. सुलूताईस,
साष्टांग नमस्कार.

वर 'ती.'च्या पुढं खाडाखोड दिसते, ती 'सौ.'ची आहे. सदतीस वर्षांची सवय, हाताला वर्षभरात कळत नाही. कागद बदलायला हवा होता, पण हा चौथा कागद आहे आणि वासंती म्हणते, "आता पाठवा एकदाचं, नाहीतर पत्राचंही तबकडीसारखं व्हायचं."

इकडे सगळं ठीक. वासंतीचे गुडघे आणि माझी नववीची तुकडी आपापल्या जागी दुखत असतात. शाळेत यंदा संस्कृतला एकवीस मुलं आहेत. त्यातल्या वीस जणांना मार्क हवेत, आणि एक चुकून आलाय. नेत्रा-साईराज पुण्यात मजेत. लेक सासरी गेली आणि आपला कॉम्प्युटर मात्र माहेरी ठेवून गेली, त्याचीच ही सगळी फळं.

तुझी डीव्हीडी सोबत आहे. जुलैत मागितलीस, ऑक्टोबरात मिळतेय. "महिपतला सांगितलं म्हणजे काम झालं, फक्त वर्ष विचारू नये," असं तू म्हणशील. म्हण. पण का उशीर झाला ते ऐक. आधी सोपं कारण सांगतो.

फोनवर तुझी अट होती: नेत्राच्या लग्नाचं सगळं चित्रण एकाच तबकडीवर हवं. "दोन देऊ नकोस, मला बदलता येत नाही. आणि एकही तुकडा कापू नकोस हं." मी म्हटलं, "सगळं?" तू जरा थांबलीस आणि म्हणालीस, "सगळं."

लग्नाचं चित्रण पावणेचार तासांचं. साध्या तबकडीवर नीट दिसेल असं दोनच तास मावतं. म्हणून दोन थरांची तबकडी आणली. एकावर एक असे दोन थर. पहिला संपला की यंत्रातला किरण क्षणभर थांबतो, नजर खोल करतो आणि दुसऱ्या थरावर उतरतो. पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान असून चालत नाही. थोरल्यानं थोरलंच असावं, आपल्या घरासारखं.

या कामाला 'बर्न' म्हणतात. जाळणे. जळली ती पावन, न जळली ती बाद, अशी ही उलटी अग्निपरीक्षा आहे. पहिली तबकडी एक्कावन्न टक्क्यांवर मेली. दुसरी एक्कावन्नवर. तिसरी एक्कावन्नवर. नापास व्हायचं तर माझ्या वर्गातली मुलंसुद्धा निरनिराळ्या मार्कांनी होतात.

केबिन रोडला जयकुमार म्हणून एक दुकानदार आहे, आपल्या कॅसेटी त्यानंच कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. त्याच्याकडे तीन मेलेल्या तबकड्या घेऊन गेलो. त्यानं एक उजेडात तिरपी धरली आणि वैद्यानं जीभ बघावी तशी बघितली.

"मास्तरजी, ये सुटा माल कुठून उचलला?"

"स्टेशनबाहेरून."

"मग देवाचं नाव घ्या! डबल लेअरमध्ये लोकल नाय चालत. आणि स्पीड किती ठेवला?"

"सगळ्यात जास्त."

"क्यूं? ट्रेन पकडायची हाय? दो पॉइंट चारवर जाळा. स्लो. पाऊण तास लागेल, लागू दे. तेव्हा कॉम्प्युटरला दुसरा काम नाय द्यायचा. हात बी नाय लावायचा."

चांगल्या तबकड्या आणल्या. पाऊण तास घरात बाळंतिणीच्या खोलीसारखी शांतता. वासंतीनं मिक्सर लावला नाही, खोबरं पाट्यावर वाटलं आणि माझ्याकडं न बघता वाटलं. चौथी एक्कावन्नवर गेलीच. मग जयकुमारनं ड्राइव्हच्या आतली जुनी आज्ञावली बदलून दिली. पाचवी शंभर टक्के झाली! पण टीव्हीखालच्या प्लेअरनं तिला ओळखच दिली नाही. त्यावरही उपाय निघाला. तबकडीनं प्लेअरला सांगायचं, मी घरी जाळलेली नाही, कारखान्यात छापलेली आहे. खोटा जन्मदाखला. आमच्या शेजारच्या मीरा रोडची माणसं नव्या पाहुण्यांना "मुंबईत, दहिसरला लागूनच राहतो" म्हणतात, त्यातलाच प्रकार. सहावी प्लेअरनं मानली. ती चालली, आणि बरोबर मधोमध येऊन गोठली.

बाद तबकड्या वासंतीनं दोऱ्याला बांधून गॅलरीत टांगल्या आहेत. कबुतरं येत नाहीत. तेवढा तरी उपयोग.

हे झालं सोपं कारण.

मधोमध म्हणजे कुठं, ते तुला सांगायला नको. पण सांगतो, कारण सात वर्षं मी ते सांगितलेलं नाही.

थर कुठं बदलायचा ते आपण सांगितलं नाही तर यंत्र आपलं आपण ठरवतं, बरोबर अर्ध्यावर. आणि अर्ध्यावर मंगलाष्टकं आहेत. अंतरपाट धरलेला, नेत्रा खाली मान घालून, आणि माइकशी सदूभावजी. एसटीच्या वर्कशॉपमधून रजा काढून, देवरुखहून स्वतः रचलेली मंगलाष्टकं घेऊन आलेले. गणपतीचं कडवं त्यांनी सुंदर म्हटलं. मग दुसरं सुरू केलं:

नेत्रा लेक गुणी घरात हसरी, दारात चाफ्यापरी

तुला वृत्तांचा कंटाळा, पण एवढं ऐक. शार्दूलविक्रीडितात एकोणीस अक्षरं. बारावर थांबायचं, उरलेली सात पुढं म्हणायची. त्या थांबण्याला यती म्हणतात. शब्दाच्या मध्येच थांबलं तर यतिभंग. दोष. मी तो दोष एकतीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल शाईनं दाखवत आलोय.

भावजी दहाव्या अक्षरावर थांबले. "नेत्रा लेक गुणी घरात ह..." आणि तिथं तुटलं. मग "...सरी".

आणि दुसरा माइक माझ्या हातात होता.

"भावजी, शब्द चिरायला ही काय विळी आहे? यतिभंग झाला, यतिभंग!"

सगळा हॉल हसला. यतिभंग म्हणजे काय ते एकालाही ठाऊक नव्हतं. कुणा संन्याशाचा तपोभंग झाला असं वाटलं असेल. मी हसलो म्हणून ते हसले. भटजींनी घाईघाईनं "शुभमंगल सावधान" म्हणून पुढचं आपल्या हाती घेतलं. त्या दिवशी दीडशे माणसं "सावधान, सावधान" म्हणत होती, ताई, आणि मला एकदाही ऐकू आलं नाही.

भावजींनी कागदाची घडी केली. साईराजचं नाव असलेली ओळ त्या कागदातच राहिली.

त्यानंतर ते कुठल्याच लग्नात गायले नाहीत, हे मला तुझ्याकडून नाही, तुझ्या लेकीकडून, शालूकडून कळलं. तू फोनवर एवढंच म्हणालीस, "हिला आजोबांचा आवाज ऐकवायचाय. विचारत असते, आजोबा गायचे म्हणजे कसे गायचे? वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा लावू. दुसरी कॅसेट कुठं आहे त्यांच्या आवाजाची?" दुसरी का नाही, ते तू बोलली नाहीस. शालूची मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिच्या आईच्या लग्नात आजोबा गायले असतेच की. त्या लग्नात ते पाहुण्यांचे चहा बघत होते. मला दोनदा चहा आणून दिला. साखर कमी, आठवणीनं.

आता अवघड कारण.

ऑगस्टमध्ये मी तबकडी केली होती. साधी, एका थराची. गणपतीचं कडवं संपलं की कापलं. नुसतं माझं वाक्य कापून भागत नव्हतं, कारण पुढं प्रत्येक दृश्यात भावजी कुठंतरी दिसतात. पंगतीत, खांबाशी, पाठवणीत मागच्या रांगेत, आणि हातात घडी केलेला कागद. तूही दिसतेस. सगळे अक्षता टाकतात, तुझी मूठ मिटलेली आहे ती शेवटपर्यंत मिटलेलीच. म्हणून पुढचं सगळंच कापलं. बरोबर दोन तासांच्या आत मावलं. पहिल्या फटक्यात जळली, कुठंही न अडता. पुरचुंडी बांधून, तुझा पत्ता घालून टेबलावर ठेवली. जयकुमारला म्हटलं, बहिणीला सांगेन की कॅसेटला बुरशी लागली. तो म्हणाला, "मास्तरजी, बुरशीचा दाग वेगळा दिसतो." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दोन तबकड्या करून दुसरी टपालात हरवू द्यावी, हाही विचार केला होता. एवढं व्याकरण शिकून माणूस किती बारीक खोटं बोलू शकतो बघ.

पण 'सगळं' म्हणायच्या आधी तू थांबली होतीस, ते आठवत राहिलं. पुरचुंडी सोडली आणि ही दोन थरांची साडेसाती मागं लावून घेतली.

तबकडी मधोमध गोठते का, ते बघायला मधोमधच बघावं लागतं. ते दहा सेकंद मी तीस-चाळीस वेळा तरी पाहिले असतील. आधी मला फक्त माझाच आवाज ऐकू यायचा. मग 'ह' ऐकू यायला लागला. मग 'ह'च्या नंतरचं. तिथं एक बारीक शीळ आहे, ताई. गाण्यातली नाही, छातीतली. आणि त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडं जातो. तेव्हा मला वाटलं होतं, चष्मा शोधतायत. हात खिशात जात नाही. खिशावर दाबून धरलेला आहे.

मग मी कागद घेतला आणि ती ओळ लिहून अक्षरं मोजली. 'हसरी'ला बारा होतात. तिथं शब्द पुरा. पुढं सात. लघु-गुरू एकही इकडचा तिकडं नाही. एसटीच्या नट-बोल्टांत आयुष्य गेलेल्या माणसाची ओळ माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा शुद्ध होती. दोन अक्षरं आधी त्यांचा दम संपला, एवढंच. दोष रचनेत नव्हता. मला रचना येते, म्हणून मी दोष रचनेत शोधला.

लग्न मे महिन्यात झालं. त्याच वर्षी ऑगस्टात तुझं कार्ड आलं होतं, "यांना धाप लागते, डॉक्टर हृदयाची झडप म्हणतात." उत्तरात मी आरोग्यावरचं एक सुभाषित पाठवलं होतं. अन्वयासकट.

'ह' आणि माझं 'भावजी' यांच्यामध्ये दीड सेकंद आहे. यंत्रावर मोजलाय. दीड सेकंद मी माइक तोंडाशी नेतोय. गप्प बसायला पुरेसा वेळ होता.

तर तबकडीचं असं केलं. एकही तुकडा कापलेला नाही. थर कुठं बदलायचा ते या वेळी मीच सांगितलं. जयकुमार म्हणाला, "सीन बदलतो तिकडं ठेवा, म्हणजे कुणाला कळत नाय. बोलता बोलता मध्ये ठेवलं की झटका दिसतो." बरोबरच आहे त्याचं. शब्दाच्या मध्ये थर बदलणं म्हणजे यंत्राचा यतिभंगच. मी तो 'ह' आणि 'सरी'च्या मध्ये ठेवलाय. सातवी तबकडी तिथं गोठली नाही. पापणी लवेल एवढंच चित्र थांबतं आणि पुढं जातं. आमच्या प्लेअरवर चार वेळा लावून बघितली.

तेव्हा वर्षश्राद्धाला सगळे जमले आणि तिथं अडखळलं, की कुणीतरी म्हणेलच, "डिस्क अडकली वाटतं." म्हणू दे. शालूच्या मुलीला सांग, आजोबा थांबले नाहीत, तबकडी थांबली. तिला हे खोटं पुष्कळ वर्षं पुरेल. मग मोठी झाली की खरं सांग.

आणि लगेच पुढं जो माणूस माइकवरून बोलतो आणि स्वतःच हसतो, तो कोण असं तिनं विचारलं, तर नाव सांग. तो मी कापलेला नाही.

एक मागणं आहे. तो कागद तू ठेवला असशील, तू टाकणारी नाहीस. पुढची ओळ 'साईराज' नावानं सुरू होत असणार. मी ती पुरी करायला बसलो होतो. वृत्त जमतं, ओळ जमत नाही. उतरवून पाठव. वाटलं तर. नाही पाठवलीस तरी तुझी मूठ मला समजेल.

नेत्राला मी अजून काही सांगितलेलं नाही. ओळ आली, तर वाचून दाखवीन, आणि बाराव्या अक्षरावर थांबेन.

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहिला, तो एवढी वर्षं नुसता लिहीतच आलो. आज लिहायच्या आधी भावजींच्या फोटोसमोर खरोखर घातला. आठही अंगं टेकली. उठताना वासंतीला हात द्यावा लागला.

ज्याला थांबायचं कुठं हे शिकवायचा पगार मिळतो आणि ज्याला दीड सेकंद थांबता आलं नाही, असा तुझा धाकटा,

महिपत