बिनपाण्याची गाडी

मामा,

‘प्रिय’ मुद्दामच लिहिलं नाही. बाबा गेल्यावर तू आईला म्हणालास, “ताई, भावजींच्या गाडीतलं पाणी संपून इंजिन जळालं. भंगारात दिली मी.” आईने मान डोलावली, मीही डोलावली. मग मी भटकत राहिलो. काल एका गॅरेजात चहा पिताना (मेकॅनिक भलताच बडबड्या, ते जाऊ दे) तसलीच गाडी दिसली. सहा वर्षांचा असताना बाबांच्या गाडीत मागच्या सीटवर, पाठीमागेच असलेल्या इंजिनाच्या उबेत पडून, त्या फटफट आवाजाच्या मी प्रेमात पडलो होतो. बाबा म्हणायचे, “ही पाणी मागत नाही रे, नुसत्या हवेवर गार होते.”

मग संपलं ते कुठलं पाणी, मामा?

हे पत्र टाकत नाही. टाकलं तर मी तुझ्याकडे पोचायच्या आत तू गाडी हलवशील.

अजून तरी तुझाच,
भाचा