हायपोत न बुडवलेला हात

आई, तुझ्या हाताचा तो कागद अजून काळ्या पाकिटातच आहे. कपाटात, साड्यांच्या घडीत. कुणी कपाट उघडलं तरी मी हातातलं टाकून धावते. उजेड लागला तर तुझा हात काळा पडेल, या धास्तीत माझं वय तुझ्या पुढे गेलं.

तू भाईंदरच्या स्टुडिओत फोटो धुवायचीस. बोटांना फोटो पक्का करायच्या हायपोचा आंबूस वास, तो भाकरीलाही लागायचा. आपल्याकडे कॅमेरा कुठला! पण मुदत संपलेले फोटोचे कागद शेठ तुझ्यापुढे टाकायचे, "बाई, ये सब खराब माल है, फेक दो," आणि तू ते घरी आणायचीस. रविवारी आपण गच्चीवर. कागदावर शेवग्याचा पाला, वर काच, बाकी सगळं उन्हावर सोडायचं. लांब मिठागरं चकाकतायत, आणि आपला कागद हळूहळू गुलाबी होतोय, मग वांग्याच्या रंगाचा. पाला उचलला की खाली त्याची पांढरी सावली. ती हायपोत बुडवली की पक्की, नाहीतर उजेडात तीही काळवंडणार. "ऊन फुकट आहे ना, मग कॅमेरा कशाला?" तू म्हणायचीस, आणि शेठच्या नावाने नाक मुरडायचीस.

त्या दिवशी रविवार नव्हता, तरी तू मला वर नेलंस. दुसऱ्या दिवशी तुझं ऑपरेशन होतं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मावशी भांडी घासताना डोळे पुसत होती. तू काच घेतली नाहीस, हात सरळ कागदावर ठेवलास.

"आज पाला नाय?"

"आज मीच पाला."

"आई, तुला भीती वाटते?"

"छट्! भ्यायचं काय त्यात? आता गप ऱ्हा जरा."

मी श्वास धरून उभी. तू हात उचललास तेव्हा पाची बोटं पांढरी उमटली होती, पण कडा पुसट. "ऊन जास्तच कडक आहे आज," तू म्हणालीस. बाटलीतला हायपो संपला होता. "परत आल्यावर बुडवू. तोवर पाकिटातून काढायचा नाय, कळलं?" तू परत आलीच नाहीस.

आता मीही कॅमेऱ्याशिवायच चित्रं करते. आज न्हाणीघरात लाल बल्ब लावलाय, ट्रेमध्ये हायपो कालवून ठेवलाय. लाल उजेडात कागदाला काही होत नाही, हे तूच शिकवलेलं. म्हणजे हात काळा पडेल ही सबब घरच्यांना सांगण्यापुरतीच उरली. पण इतकी वर्षं हेच काम करून मला एक कळलंय. ऊन कितीही कडक असलं तरी त्याने कडा पुसट होत नाहीत. हात थरथरला तर होतात.

"भ्यायचं काय त्यात" एवढ्या तुझ्या एका वाक्यावर मी माझी बाळंतपणं, माझी आजारपणं काढली गं. तो कागद समोर धरला की ते वाक्य माझ्याकडे राहणार नाही. तू घाबरलेली मला बघवणार नाही, आई. हे लिहीत बसलेय तेही पाकीट उघडायला लागू नये म्हणूनच.