कावळा कुणाच्या शब्दावर शिवला?

आज जरा कमी प्रिय असलेल्या आईस,

रागावू नकोस. तुला जाऊन अकरा महिने झाले आणि मी एक अक्षर लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण दुपारी आण्णांनी एक गोष्ट सांगितली. त्यावर जे विचारायचंय ते तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

आधी घरचं सांगते. मी भिंतीवर वेळापत्रक लावलंय. पाचला उठणे, शेण, धार, भाकरी, मग शाळा. हसलीस ना? मला उठवायला तुला अंगावरचं पांघरूण ओढावं लागायचं! आता कुणी ओढत नाही, तरी उठते. पळण्याला मात्र त्यात जागा ठेवलेली नाही.

तू गाईखाली बसलीस की मी कालव्याच्या पुलापर्यंत पळत सुटायचे आणि धार संपायच्या आत परत यायचे. तेच आपलं घड्याळ. मी जिंकले की तू म्हणायचीस, "आज गाय पान्हाच सोडंना, म्हणून जितलीस!" कधी एकदा सरळ कौतुक केलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?

तुला ताप होता त्या दिवशी जुन्नरला माझी तालुक्याची स्पर्धा होती. मी थांबते म्हटलं, तर तूच ओरडलीस, "जा की! मला काय धाड भरलीया?" आण्णांनी बूथवरून तिथल्या शाळेत फोन केला होता म्हणे, पण आम्ही मैदानावर होतो. दुसरा नंबर घेऊन एसटीतून उतरले, तर स्टँडवर आत्या उभी. नारायणगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तू गेली होतीस. का पाठवलंस मला?

"आई तापानं फणफणती आन् पोरगी गेली पळाया," बाया बोलल्याच. कुणाकुणाचं तोंड धरणार? आणि खोटं तरी काय होतं त्यात!

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, पण एक खाली येईल तर शपथ. आत्या म्हणाली, "वयनी, पोरीला आमी अंतर देणार न्हाई." नाही आला. मामा म्हणाला, "आक्काचा जीव कशात अडकलाय राव?" ऊन चढत गेलं. सगळे माझ्याकडेच बघताहेत असं मला वाटायला लागलं. शेवटी मी पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, मी पळणं सोडते. घर सांभाळते."

आणि कावळा उतरला! बाया रडायला लागल्या. मामानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी मात्र आतून पेटले होते. एवढंच हवं होतं तुला?

तरी शब्द पाळला. खेळाचे सर दोनदा घरी येऊन गेले, मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. परवा यंदाची स्पर्धा झाली. गेल्या वर्षी माझ्या मागे राहिलेली राजुरीची मुलगी पहिली आली. पुढच्या वर्षी त्या गटात माझं वय बसत नाही.

आज आण्णा आणि मी कांदे निवडत होतो. ते म्हणाले, "परवा जायचं व्हतंस."

"आईला शब्द दिलाय."

त्यांनी दोन-तीन कांदे निवडून पाटीत टाकले. मग म्हणाले, "शब्द मी बी दिला व्हता. त्याच टायमाला, मनातल्या मनात. म्हटलं, आपल्या पोरीचं पळणं थांबू देणार न्हाई."

आई, मी हातातला कांदा भिंतीवर फेकला. "मग इतके महिने का नाही बोललात?"

"तू चारचौघांत बोललीस. मला वाटलं, तुलाच नको झालंय." आणि ते रडायला लागले. तू गेलीस तेव्हा सुद्धा रडले नव्हते. मला दया आली नाही त्यांची. अजून येत नाही.

आता सांग, तू कुणाचं ऐकलंस? माझं की त्यांचं? की त्या कावळ्याला नुसती भूक लागली होती?

तू उत्तर देणार नाहीस, हे कळतं मला. म्हणून माझं मीच ठरवलंय. या वेळचा शब्द कुणाच्या देखत नाही, कावळ्याच्या तर नाहीच. उद्यापासून मी पळणार. तुझी इच्छा असेल म्हणून नाही, आण्णा हो म्हणाले म्हणून नाही. मला आवडतं म्हणून. तुझा जीव त्यात अडकत असेल, तर अडकू दे. तेवढी तरी जवळ राहशील.

तुझी उलट बोलणारी लेक,
सुमन