आई रक्त देत नाही

३ जुलै २०२५

रिपोर्ट आला आणि त्यात उत्तरच नाही! मार्चमध्ये ओट्यापाशी चक्कर येऊन पडले, मग हृदयाची भिंत जाड झालीय म्हणाले, मग जनुकं वाचायला रक्त घेतलं — माझं आणि समृद्धीचं. आज ठाण्याच्या तपासणी सेंटरमध्ये तिथल्या समुपदेशक क्षिप्रा मॅडमनी समजावलं. आम्हा मायलेकींच्या जनुकांत एकसारखाच बदल सापडलाय. रोगाचा की निरुपद्रवी, सांगता येत नाही. "आपल्याकडच्या लोकांची नोंदच फार थोडी आहे. ताडून कशाशी बघायचं?" म्हणजे हा तीळ की फोड, हे कुणालाच ठाऊक नाही.

तोवर समृद्धीची कबड्डी बंद. चौदा वर्षांची पोर, जिल्ह्याच्या निवडीला उभी. तिचा इको चांगला आलाय, तरीही बंद.

५ जुलै

समृद्धी माझ्याशी बोलत नाही. सुधीर म्हणतो, जरा कळ काढ. नवऱ्यांना हे एक बरं जमतं.

९ जुलै

मॅडमचा फोन. उपाय साधा आहे म्हणे. सत्तरीतही ठणठणीत असलेल्या माझ्या आईच्या रक्तात हाच बदल निघाला, तर तो बिनधोक असण्याकडे कौल झुकेल. मग समृद्धीला खेळू देता येईल. घरात तरुणपणी कुणी अचानक गेलं होतं का, हेही विचारलं. तसं असेल तर गोष्ट वेगळी. मी छातीठोकपणे नाही म्हटलं. बाबासुद्धा ऐंशी पार करून, म्हातारपणाने गेले.

संध्याकाळी बाळकुमला जाऊन आईला सगळं सांगितलं. "बघू गो," एवढंच म्हणाली.

१४ जुलै

आज तिचा गुडघा दुखतोय.

२२ जुलै

आता म्हणते, श्रावण लागू दे.

२८ जुलै

श्रावण लागला. तर म्हणे, श्रावणात अंगातलं रक्त काढायचं नाय! हा नियम कुठल्या देवाने केला, देव जाणे. माझ्या बाळंतपणात उशाशी बसलेली बाई, नातीच्या प्रत्येक सामन्याला रेषेबाहेरून ओरडणारी बाई — आणि बोटभर नळीतल्या रक्ताला घाबरते? माझा विश्वास बसत नाही. पण मग दुसरं काय कारण असणार?

३१ जुलै

भांडले. नको ते बोलले. "तुझी नात घरात कुढतेय, आणि तुला सुईची भीती!" आईने पदराने डोळे पुसले. नेहमी माझ्या वरताण बोलणारी ती. घरी येईपर्यंत मलाच रडू येत होतं.

शेवटी आंबिवलीला बेबीमावशीला फोन लावला. आईची धाकटी बहीण, आई तिचं तरी ऐकते. मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी येतंय. आवडीला घेऊनच येतंय." आवडी म्हणजे माझी आई.

४ ऑगस्ट

आई सेंटरला आली. नर्सने खुर्ची दाखवली, पण ती बसली नाही. मावशीला खांद्याला धरून तिने खुर्चीत बसवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"माझा रगत घेवून काय उपेग? हिचा घ्या. हिनंच ही पोर माझे ओटीन घातली, बारशाचे आधी."

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. बाही वर केली आणि क्षिप्रा मॅडमना म्हणाली, "आन् हिचा बापूस पण लिवून घ्या. माझा नवरा. मिठागरावर चालता चालता पडला, तो उठलाच नाय. पस्तीसचा व्हता."

दाराबाहेरून समृद्धी विचारत होती — झालं का? आता खेळू ना मी?