कंपनीची किल्ली शालूच्या फोनात

मुकुंदवाडी, संभाजीनगर
२० मे २०२४, सोमवार

शिवराज साहेब यांना,

नमस्कार. आधी दाजी लिहिलं व्हतं, मग खोडलं. खोडलेलं दिसत असंल तर दिसू द्या.

इकडं आम्ही सगळे खुशाल हावोत. तुमची खुशाली कडुबा मामानं सांगितली. कालपासून अन्न गोड लागंना, डोळ्याला डोळा नाय, म्हणे. ऐकून बरं वाटलं.

मामा बाहेर बाजंवर बसलाय. वॉचमन माणूस, त्याला तुम्ही गेट सोडून माझ्याकडं पिटाळलं, पोरीकडून फोन तेवढा घेऊन ये म्हणून. फोन मी देणार नाय. त्याला चहा दिला आन् लिहायला बसले. मला तोंडानं बोलता येत नाय, तुम्हाला माहीत हाय. तुम्हीच म्हणायचे, "शालू, तुझी बहीण मुकी आहे का गं?" मुकी नाय. चार माणसांसमोर शब्द फुटत नाय, एवढंच. शाळेत हजेरीलाबी आवाज निघायचा नाय, बाई गैरहजर मांडायच्या आन् मी समोर बसलेली. शाळा मात्र सुटली ती पाण्यापायी. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, ते बी शाळेच्या टायमाला. टँकर आला तर घरी माणूस पाहिजे. आबा आन् आई मेंढरामागं, ताई तुमच्या कंपनीच्या कॅन्टीनला. राहिले मी.

मामा म्हणतो, कंपनीत कोण कोण हाय, कुणाच्या कार्डानं कोणतं दार उघडतं, कुणाचा कॉम्प्युटर कुणाच्या नावानं चालू व्हतो, हे सगळं ज्या डेटाबेसमध्ये हाय, त्याला तुम्ही काल सुट्टीत नवा पॅच मारला. ताईला तुम्ही एकदा समजावलं व्हतं ना, घोंगडी विरली की तिला रफू करतात, तसंच ते. तिनं घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. काल रफू करता करता तुम्हीच बाहेर राहिले. पॅच बसला, मशीन पुन्हा चालू झाली आन् तुमच्याच मोठ्या खात्याला म्हणली, तू खरा कशावरून? फोनवर कोड पाठवते, तो टाक. जुनं परत बसवायलाबी तेच खातं लागतं म्हणे. तवर कुणाचंच कार्ड चालंना.

त्या खात्याला दोन नंबर लावलेले. एक तुमचा जुना. तो तुम्ही बंद केला, ताईचा फोन येऊ नाय म्हणून. अख्ख्या कंपनीची नावं-नंबर नीट ठेवले, स्वतःचाच बदलायचा राहिला. दुसरा ताईचा.

तो काहून टाकला व्हता, आठवतं का? मला आठवतं. ताई त्या दिवशी घरी आली ती चप्पल घालूनच चुलीपाशी. "रत्ने, कंपनीची किल्ली माझ्या फोनात हाय. ते म्हणले, दुसऱ्या कुणावर माझा एवढा भरवसा नाय." साधा बटनाचा फोन, कडेला चिकटपट्टी लावलेला. तव्हापासून ती तो पदरानं पुसायची.

आता गेटवरचं सांगते. दिवाळी झाली व्हती. ताई मलाबी कॅन्टीनला लावायला घेऊन आली. तिनं कार्ड लावलं, लाल दिवा. पुन्हा लावलं, लाल. मामा म्हणला, "पोरी, तुझं नावच दाखवंना गं." नियम असा, की कार्ड चाललं नाय तर आतल्या कुणीतरी यायचं आन् सांगायचं, मी ह्या माणसाला ओळखतो. ताईनं तुमचं नाव घेतलं. तुम्ही आले. संग तुमचे वडील आप्पासाहेब, आन् कंपनी बघायला आलेले पोरीकडचे पाहुणे. मामानं विचारलं, "साहेब, ओळखता का हिला?" ताई हसत व्हती. येडीला वाटलं बरंच झालं, आप्पासाहेबांसमोरच तुमचं-तिचं निघालं.

तुम्ही म्हणले, "नाही ओळखत. असेल कुणीतरी कॅन्टीनमधली. अपडेटमध्ये काही नावं उडालीत."

त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं कार्ड अडकलं नाय. तिचं एकटीचंच उडालं.

मी ताईच्या मागं उभी व्हते. माझ्या गळ्यापर्यंत शब्द आला आन् तिथंच राहिला. अजून तिथंच हाय.

आन् काल दुपारी तुमचा फोन आला. इतक्या महिन्यांनी. "शालू, मी बोलतोय. आत्ता एक मेसेज आला असेल बघ, सहा आकडे. सांग पटकन." कशी हायेस नाय, कुठं हायेस नाय. इकडून आवाज येईना तव्हा तुमचं बोलणं मऊ झालं. "शालू, रडू नकोस ना. मी आप्पांशी बोलणार आहे आपलं. आधी कोड तेवढा सांग." पुढच्या आठवड्यात तुमची हळद हाय साहेब. पत्रिका कॅन्टीनमध्ये वाटली, मामानंच सांगितलं.

इकडं कुणी रडत नव्हतं. तो फोन ताईनं उचललाच नव्हता. ताई गंगापूरकडं नदीकाठाला आबासंग मेंढरं राखती. तिथं चार्जिंग नाय, म्हणून फोन माझ्यापाशी असतो. तुम्ही माझ्याशी बोलले. सगळं मी ऐकलं.

आता ऐका. कोड थोडाच वेळ चालतो म्हणे, म्हणजे फोन मशीनपाशीच पाहिजे. मी येते. हे पत्र तुमच्या हातात पडंल तव्हा मी गेटसमोरच्या रसवंतीपाशी उभी असंन. तुमच्या वरच्या प्रेरणा मॅडमला संग घेऊन गेटवर या. मामा तोच प्रश्न विचारील. सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्या. मग कोड.

मामा आत्ताच मला बोलला, "अगं, शिफ्टची माणसं उन्हात बसलीत. आतली दारंबी कार्डावरच उघडतात. तुह्या रागापायी गरिबाला काहून भाजती?" मी म्हणलं, साहेबानं तोंड उघडलं की त्यांना सावली.

तुम्ही जिला ओळखत नाय तिची बहीण,
रत्नमाला

*

मुकुंदवाडी
२१ मे, मंगळवार

शालूताई,

तुला रत्नाचा नमस्कार. आबाला आन् आईला पाया पडणं सांग. काळ्या कुत्र्याला माझ्या नावानं एक भाकर जास्त टाक. पुंडलिक काका उद्या जीपनं गंगापूरला चाललाय, त्याच्यासंग हे पत्र देते. एकटी असशील तव्हा वाच. आबासमोर नको.

इकडं परवा पाणी आलं, सगळे ड्रम भरले. नव्या पाइपलाइनचे मोठे पाइप रस्त्याच्या कडेला आणून टाकलेत, त्यात पोरं दिवसभर लपाछपी खेळतात. शेजारची दगडाआत्या टँकरवर भांडली आन् जिंकली.

संग दुसरं एक पत्र जोडलंय. ते मी शिवराजला लिहिलं व्हतं. मामानं परत आणून दिलं, साहेबानं खाली टाकलं व्हतं म्हणे. आधी ते वाच, मग पुढं वाच.

वाचलं? आता रागावू नको. रागाव, पण पुढं वाच.

मी रसवंतीपाशी उभी व्हते. रस घेईना, सावलीला जाईना, तव्हा रसवाल्यानं विचारलं, "पोरी, ऊन लागलं का?" गेटवर ही गर्दी. बाया पदर डोक्यावर घेऊन भिंतीच्या सावलीला बसलेल्या, ती सावली बी वीतभर. शिवराज आला. संग प्रेरणा मॅडम, केस कापलेल्या, हातात दोन फोन. तो जवळ येऊन हळूच म्हणला, "रत्ना, आत चल. आत बोलू आपण." आन् फोनला हात घातला. मी मूठ आवळली.

मामा मधी आला. ताई, तुला मामा म्हणजे साधा माणूस वाटतो. काल बघायला पाहिजे व्हता. टोपी सरळ केली आन् म्हणला, "आत कशी जाईल साहेब? कार्ड नाय हिच्याकडं. ओळखणारा लागतो. कोण हाय ही?"

"रत्ना."

"कुणाची कोण?"

"...शालूची बहीण."

"कोण शालू?"

तो मॅडमकडं बघायला लागला. तव्हा भागूबाई सावलीतून उठली. तुझ्या कॅन्टीनमधली, जाडी. ती म्हणली, "आमच्यात पोळ्या लाटायची ती शालू का ओ साहेब? अपडेटमध्ये उडाली ती?" बाया हसल्या. हसल्या, पण कशा, ते तुला कळंल.

तो म्हणला, "हो. ओळखतो मी तिला."

मामा म्हणला, "ऐकू नाय आलं. कंपनीचा आवाज लई." कंपनी तर बंद व्हती, आवाज कसला!

"ओळखतो!" मोठ्यानं. आप्पासाहेबांपर्यंत जाईल असा.

मला वाटलं झालं. पण मॅडम तिथंच थांबल्या. त्यांना तुझं-त्याचं काही माहीत नाय, त्यांचं डोकं दुसरीकडंच. म्हणल्या, "शिवराज, मुख्य खात्याला जो नंबर आहे तो बाहेरच्या माणसाचा आहे?"

"बाहेरचा नाही मॅडम. आपल्याकडेच होती."

"होती म्हणजे? नाव कुणी काढलं?"

त्यानं खाली बघितलं. म्हणला, "मी."

"का?"

तो "आधी मशीन चालू करू" म्हणत आत वळला. मामानं मला गेटच्या आत घेतलं.

आता खरं सांगते. पत्रात मी लिहिलं, मग कोड. पण मनात वेगळं व्हतं. वाटेत मामा बोलून गेला व्हता, "नीट वाच गं बाई, तीनदा चुकला तर ते खातं कायमचं बंद. साहेबाचं काम तर जाईलच." मी त्याच्या पाठीमागं गाडीवर बसून तेच घोकत गेले. तीनदा चुकायचं.

आत लई गार. काचेची खोली, तेवढी एक साध्या किल्लीनं उघडणारी. तो खुर्चीवर बसला, मॅडम मागं उभ्या. फोन वाजला, कोड आला. मी वाचला. शेवटचा आकडा बदलून वाचला. पडद्यावर लाल. त्याच्या मानंवर घाम आला, एवढ्या गारव्यात. दुसरा कोड आला. पुन्हा मी तसंच केलं. पुन्हा लाल. ताई, मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. चार माणसांसमोर मी मोठ्यानं बोलत व्हते आन् माझ्या प्रत्येक आकड्याला तो माणूस बारीक व्हत व्हता.

मग तो मॅडमकडं वळून हसला. म्हणला, "शाळा सोडलेली आहे मॅडम. आकडे वाचता येत नाहीत वाटतं हिला."

माझ्या जिभंवर तिसरा चुकीचा आकडा तयार व्हता. पण काचेतून गेट दिसत व्हतं. भागूबाई उभी राहून सगळ्या बायांना आपल्या अंगाची सावली देत व्हती. तीच, जिनं तुझं नाव मोठ्यानं घेतलं. त्याला बुडवायचा तर तिला बी उन्हात ठेवायची, असं व्हतं ते.

कोड आला तव्हा मी वाचला नाय. फोन मॅडमच्या हातात दिला आन् म्हणलं, "तुम्हीच टाका मॅडम. यांच्या हातून नको." एवढं मोठं वाक्य परक्यांसमोर मी पहिल्यांदाच बोलले असंन.

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम चुकले हे त्यांना कळलं. त्याला म्हणल्या, "उठा." तो उठला. मॅडम त्याच्या खुर्चीवर बसल्या, आकडे टाकले, हिरवं झालं. पहिलं काम काय केलं सांगू? तुझा नंबर काढला आन् स्वतःचा टाकला. दुसरं, त्याचं स्वतःचं खातं बंद केलं. म्हणल्या, "चौकशी होईपर्यंत." तो म्हणला, "मॅडम, पुढच्या आठवड्यात माझं लग्न आहे." त्या म्हणल्या, "मग सुट्टी मिळाली की."

गेटवर कार्डं वाजायला लागली. एकामागं एक, हिरवा, हिरवा. शिवराज बाहेर पडला तव्हा त्यानं सवयीनं कार्ड लावलं. लाल. मामानं दार हातानं उघडून दिलं. तेच लई लागलं त्याला, मी बघितलं.

मॅडम म्हणल्या, तुझं नाव परत घेता येईल, पण तुला स्वतः यावं लागंल. यायचं का ते तू ठरव. मी आग्रह करणार नाय.

एवढंच लिहून पत्र संपवणार व्हते. संपत नाय.

गेटबाहेर तो लिंबाखाली थांबला व्हता. मला म्हणला, "शालू कशी आहे?" ताई, ह्या बारीला आवाज खरा व्हता. मला फरक कळतो, मी आयुष्यभर ऐकतच आले. मी त्याच्याकडं बघितलं आन् काही सांगितलं नाय. तू वाळली ते नाय, हसायची थांबली ते नाय. मेंढरं बसली की तू फाट्यावरच्या दुकानातून मला फोन लावून विचारती, 'कुणाचा आलता का गं?' ते तर नायच नाय.

घरी येताना चिकलठाण्यापाशी तुझा फोन वाजला. त्याचाच नंबर. मामानं गाडी कडेला घेतली. पुन्हा वाजला, पुन्हा. आता त्याला कोड नको व्हता. मग काय पाहिजे व्हतं, ते मला माहीत हाय, आन् तू उचलला असता हेबी माहीत हाय.

मी सिम काढलं, दातात धरून मोडलं आन् रस्त्याच्या कडंच्या त्या मोठ्या पाइपात टाकलं.

तू म्हणली व्हती, फोन बंद पडू देऊ नको. पडू दिला नाय. फोन चालू हाय, चार्ज करून ह्या पत्रासंग पाठवते. सिम नवं टाक. नंबर कुणाला द्यायचा तो देशील, पण त्याच्याकडं तो नसंल.

मला शिव्या दे. मी ऐकून घेईन, आन् नेहमीसारखं उलटून बोलणार नाय.

तुझीच, पण तुला न विचारता,
रत्ना