हात धुऊन सांगतो

आबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही गेलात त्याचा नाही, सगळं एकट्याच्या डोक्यात ठेवून गेलात त्याचा.

पलूसच्या आपल्या स्वयंपाकघरात मी भाकरी थापतेय आणि तुम्ही उंबऱ्यात उभे. "कवठे महांकाळच्या पोराला तू, आन् त्येच्या भनीला आपला दादा. साटंलोटं हाय. झाली तर दोन्ही लग्नं, न्हाईतर एक बी न्हाई. तुजं व्हय का न्हाई तेवढं सांग." मी हो म्हटलं. दादाला आणि त्या दोघांनाही तुम्ही वेगवेगळं गाठून विचारलंत. चारही होकार घेऊन बजावलंत, "आता कुनी मागं फिरायचं न्हाई. शेवटची चौकशी करतो, मग शब्द मीच देनार." चौकशी करून आलात त्या दुपारी आईनं विचारलं, काय ठरलं? "हात धुऊन सांगतो," म्हणालात आणि मोरीतच कोसळलात.

पुढचं ऐका आता. आई म्हणायची, "त्येंचा शब्द बाहेर पडला न्हाई, आपुन कसं बोलायचं?" साटंलोट्यात दोन्ही घरं मुलीकडची तशी मुलाकडचीही, आधी विचारेल त्याची बाजू पडती, त्यामुळे आपण होऊन विचारायला कुणीच जाईना. त्यांना वाटलं, चौकशीत काही खोट निघाली. आम्हाला वाटलं, त्यांनीच नको म्हटलं. पण उघड नकार कुणाचाच नाही आणि दिलेला होकार मोडवेना, म्हणून दुसरी स्थळं दारातूनच परत. चार माणसं वर्षानुवर्षं लटकलेली आणि तुम्ही फोटोत निवांत. शेवटी ती दोघं दुसरीकडे लग्न करून मोकळी झाली, दादाचंही झालं. मी शिकत राहिले.

आता साताऱ्यात घरी बसून मी डेटाबेसचं काम करते. माहिती अनेक यंत्रांवर विखुरलेली असते आणि एखादा बदल झाला तर सगळीकडे व्हावा लागतो, नाहीतर कुठंच नाही. तुमचं साटंलोटंच. एक यंत्र बाकीच्यांना विचारतं, तयार आहात? हो म्हटलेल्याला मग जागचं हलता येत नाही. अशात विचारणारंच बंद पडलं तर सगळी अडकून बसतात. म्हणून आम्ही निर्णय एकट्याकडे ठेवतच नाही. तो अनेक ठिकाणी नोंदवतो, आणि निम्म्याहून जास्त ठिकाणं शाबूत असली की त्यांतलं कुणीही उरलेलं काम पुरं करतं. कुणीतरी मध्येच मरणार, हे आम्ही धरूनच चालतो. तुम्ही का नाही धरलंत? आत येता येता आईला एक वाक्य सांगितलं असतंत तर काय मान कमी झाला असता तुमचा? तुमच्या त्या 'मीच देणार'ची मला आजही चीड येते.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते, पण दादाच्या हाती लागेल. त्याला आता हे कळून काय करायचंय? माझ्याजवळच राहू दे. तुम्ही हो का नाही एवढंच विचारलंत. कवठे महांकाळची माणसं पाहायला आली त्या दिवशी त्या पोरानं सगळ्यांच्या कपबशा गोळा करून आत आणून दिल्या होत्या. मला तो आवडला होता, आबा. लय आवडला होता.